रिकाम्या जागेचं वजन

नोकरी कसली होती असं कुणी विचारलं की मी "सरकारी मोजणी" म्हणतो आणि विषय बदलतो. कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे शेताच्या बांधांची?" नाही म्हटलं की विचारणारा जवळ सरकतो, आणि मग खरं सांगावं लागतं, की आम्ही पृथ्वीची ओढ मोजत होतो. एवढं ऐकल्यावर बहुतेक लोक माझ्या बायकोकडे सहानुभूतीने पाहतात.

हुद्द्याचं नाव आणखी मजेचं होतं. मी कॉम्प्युटर होतो. हल्ली या नावाचं यंत्र निघालंय आणि ते म्हणे खोलीभर जागा घेतं. मला एक टेबल, लॉगॅरिदमचं पुस्तक आणि वेळेवर चहा एवढ्यावर भागायचं. यंत्र आपल्याहून लाख पटीने वेगात हिशोब करतं, असं नातू सांगतो. करू दे बापडं. पण त्याला संशय येत नाही, आणि आमच्या धंद्यात संशय हीच खरी भाकरी होती.

धंदा थोडक्यात सांगतो. पृथ्वीची ओढ जिथे जास्त तिथे लंबक लवकर झुलतो, कमी तिथे सावकाश, हे शाळेत शिकवतात. डोंगर असेल, खाली जड खडक असेल, पोकळ माती असेल, तर ओढ बदलते. म्हणून एकच लंबक गावोगाव न्यायचा, त्याचे झोके बिनतारी यंत्रावर येणाऱ्या वेळेच्या ठोक्यांशी ताडून पाहायचे, आणि जमिनीच्या पोटात काय आहे याचा अंदाज बांधायचा. पण दोन गावांतला फरक म्हणजे दिवसभराच्या झोक्यांत सेकंदाचा एखादा तुकडा. तेवढा हाती लागायला बाकी सगळ्याचा हिशोब वजा करावा लागतो. उन्हाने धातू लांबतो, त्याची दुरुस्ती. हवा लंबकाला चिकटून त्याच्याबरोबर हलते, त्याची दुरुस्ती. म्हणून आमचा लंबक लोखंडी पेटीत ठेवून, पंपाने हवा उपसून मग झुलवायचा. पेटी ज्या चौथऱ्यावर ठेवायची तो चौथरासुद्धा झोक्यागणिक केसभर डोलतो, त्याचीही दुरुस्ती. या दुरुस्त्या काढणं म्हणजे माझी नोकरी. आणि शेवटी एक नियम असा, की जिथून निघालो तिथे परत यायचं आणि तिथलं माप पुन्हा घ्यायचं. दोन्ही मापं जुळली तर वाटेत लंबकाला धक्का लागला नाही असं समजायचं. नाही जुळली तर त्या फेरीची सगळी मेहनत पाण्यात.

सोलापूरची गोष्ट एकतीस-बत्तीसच्या सुमाराची. हिवाळ्यात आम्ही मंगळवार पेठेत मल्लप्पाअण्णांच्या वखारीची एक खोली भाड्याने घेतली होती. मल्लप्पाअण्णा म्हणजे ज्वारीचे व्यापारी. घर धाब्याचं, भिंती हातभर जाड, आत दिवसभर सारखाच गारवा. आम्हाला अशीच खोली लागायची. तिथल्या फरशीवर आम्ही सिमेंटचा चौथरा घातला आणि अण्णा रोज सकाळी तो पाहायला येऊ लागले.

"म्हंजे सायेब, ओढ कुटं जास्ती, कुटं कमी हाय म्हणता?"

"हो. मद्रासकडे कमी, उत्तरेला जास्त."

"मग जवारी कमी ओढीच्या गावात घ्यायची आन् जास्ती ओढीच्या गावात इकायची की!"

मी त्यांना समजावलं, की तुमच्या तागडीत एका पारड्यात ज्वारी आणि दुसऱ्यात वजनं. ओढ बदलली तरी दोन्ही पारड्यांना सारखीच बदलते. अण्णांनी दोन्ही तळहात पारड्यांसारखे वरखाली करून पाहिले. मग म्हणाले, "देवानं लई हिशोबी काम केलंय," आणि निराश होऊन गेले.

आमच्या तुकडीत मी धरून तिघे. दुसरे दिनकरराव, पदार्थविज्ञान शिकायला जर्मनीला गेलेले आणि नुकतेच परत आलेले तरुण अधिकारी. माणूस हुशार, मनाचा मोकळा, पण जेवताना बोलायला लागला की आमटी गार. तिसरे इमामभाई, होटगीचे खलाशी. खलाशी म्हणजे समुद्रावरचा नव्हे. मोजणीत सामान वाहणाऱ्या, चौथरा घालणाऱ्या, पंप मारणाऱ्या माणसाला हेच नाव होतं. लंबकाची पेटी नेण्याचं काम इमामभाईंचं. पेटी कधी ब्रेकमध्ये, म्हणजे गार्डाच्या सामानाच्या डब्यात, जायची नाही, बाकाखाली जायची नाही. ती इमामभाईंच्या मांडीवर बसून प्रवास करायची. आगगाडीत लोक विचारायचे, आत काय आहे? ते म्हणायचे, "जनानी सवारी हय." पेन्शन दोनेक वर्षांवर आली होती. होटगीत स्टेशनाच्या पलीकडे त्यांनी घराचं जोतं घालून ठेवलं होतं.

सोलापूरचं पहिलं माप उत्तम आलं. मग आम्ही जेऊरला गेलो, तिथे आठवडाभर काम केलं, आणि नियमाप्रमाणे परत येऊन त्याच खोलीत, त्याच चौथऱ्यावर, तोच लंबक झुलवला.

तो सावकाश झुलत होता. फरक दिवसाकाठी अर्ध्या सेकंदाचा. तुम्ही म्हणाल, अर्धा सेकंद काय! आमच्या हिशोबात तो हत्ती होता. मी आकडे एका वाटेने काढले, दुसऱ्या वाटेने काढले. हत्ती जागचा हलेना.

त्याच दिवशी आमचे वरिष्ठ साहेब तपासणीला आले होते. माणूस न्यायी, पण नियमाला कडक. त्यांनी आकडे पाहिले, लंबक ज्या धारेवर टेकून झुलतो ती धार भिंगातून पाहिली, आणि एकच निष्कर्ष काढला. पेटी पडली आहे. पेटी कुणाकडे होती? इमामभाईंकडे. साहेबांनी त्यांना पेटीला हात लावायची बंदी केली आणि मला म्हणाले, "मी अक्कलकोटला जाऊन येतो. परत आलो की याचा निकाल लावतो." निकाल म्हणजे बडतर्फी. बडतर्फी म्हणजे पेन्शन नाही, आणि होटगीचं जोतं जोतंच राहणार.

इमामभाई माझ्याजवळ येऊन बसले. मोठ्याने बोलले नाहीत.

"बाबूजी, खुदा की कसम, मय पेटी जमीन पे रख्या भी नै. जेऊर में उतऱ्या तो गोद में लेकू उतऱ्या. चाय भी नै पिया, हात भरे थे करके."

"माहीत आहे मला, इमामभाई."

"फिर वो सुस्त क्यौं चल रा?"

मी आकड्यांचा कागद पुन्हा पुढे ओढला. रोज जुळणारे आकडे माझे, आणि न जुळणाऱ्या आकड्यांची शिक्षा त्यांना, याची मला मनापासून लाज वाटली.

उत्तर दिनकररावांकडे होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं. जेवताना त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच धरून सांगायला सुरुवात केली. "नाना, आपण पेटीतली हवा काढतो. मग आत काय उरतं?"

"काही नाही."

"तिथेच चुकता! जर्मनीत आता नवं गणित निघालंय. सगळी हवा काढा, सगळी उष्णता काढा, अगदी पुरी थंडी करा, तरी त्या पोकळीत एक थरथर शिल्लक राहते. ती काढताच येत नाही. प्रकाशाचे जेवढे म्हणून सूर असू शकतात, त्या प्रत्येकाचा अर्धा हिस्सा कायम तिथे जागा असतो. आणि जिथे शक्ती आहे तिथे वजन आहे, हे तर सापेक्षतावाल्यांनी सिद्धच केलंय. म्हणजे रिकाम्या जागेला वजन आहे! या खेपेला इमामभाईंनी पंपाला नवीन चामडं घातलं, पेटी कधी नव्हे इतकी रिकामी झाली. हवा लंबकाला चिकटते तशी ही थरथर चिकटली असेल. हवेची दुरुस्ती करता, तशी पोकळीची करा की!"

मी घास गिळायला विसरलो. एक तर कल्पनाच अशी, की ऐकून माणूस हलावा. दुसरं म्हणजे ती खरी असेल तर पेटी पडलेली नाही, आणि इमामभाई सुटले. दिनकररावांचे डोळे चकाकत होते. जर्मनीला पाठवायचा लेख त्यांच्या मनात अर्धा लिहूनही झाला होता. मला तो लेख नको होता, मला इमामभाई हवे होते. पण त्या संध्याकाळी आमची दोघांची गाडी एकाच रुळावर होती.

मल्लप्पाअण्णा ओट्यावर तंबाखू मळत ऐकत होते. ते म्हणाले, "त्यात नवल काय? रिकामं पोतं बी वजनात येतंच की. बारदान धरतो आमी."

ही उपमा मला फार उपयोगी पडली. भरलेलं पोतं तोलायचं, रिकाम्या पोत्याचं वजन वजा करायचं, उरली ती ज्वारी. दिनकररावांनी कबूल केलं, की त्यांच्या शास्त्रात सगळे असंच करतात. पोकळीची थरथर सगळीकडे सारखी, म्हणून ती बारदानासारखी वजा टाकतात आणि पुढे जातात, कुणाचं काही अडत नाही. पण पृथ्वीची ओढ म्हणजे पोतं उचलणारा हमाल. त्याला बारदान वजा करून मिळत नाही. पोत्यासकट जेवढं असेल तेवढं त्याच्या पाठीवर येतं. तेव्हा रिकाम्या जागेला खरोखर वजन असेल, तर ते दुसऱ्या कुठे नाही, ओढीतच दिसायला हवं.

"मग किती येतं ते काढू," मी म्हटलं. दिनकररावांनी सूत्रं दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाशी बसलो.

आयुष्यात मी हजारो दुरुस्त्या काढल्या, पण अशी कधी काढली नव्हती. पहिली अडचण, सूर मोजायचे कुठवर? बारीक, त्याहून बारीक, त्याहून बारीक. जितकं पुढे जावं तितकी बेरीज फुगत होती. दिनकरराव म्हणाले, विजेच्या सगळ्यांत लहान कणाच्या मापापर्यंत जा आणि थांबा. थांबलो. पोकळीचं वजन आलं. ते सापेक्षतेच्या सूत्रात घातलं, की एवढ्या वजनाने विश्व किती आकसेल. लॉगॅरिदम उलटे केले, उत्तर लिहिलं, आणि टाक खाली ठेवला.

विश्व चंद्रापर्यंतसुद्धा पोचत नव्हतं.

चूक झाली असेल म्हणून मी दुसऱ्या वाटेने गेलो. तेच. सूर्य नाही, तारे नाहीत, चंद्राला जागा नाही. मंगळवार पेठेतल्या एका टेबलावर, चहाचा कप बाजूला ठेवून, मी अवघ्या सृष्टीची घडी घातली होती. मी उठून बाहेर ओट्यावर आलो. दुपार कलली होती आणि पूर्वेला फिकट पांढरा चंद्र वर आलेला होता. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. आकड्यांवर एवढा विश्वास ठेवायची सवय, की तो दिसेपर्यंत मनात धाकधूक होती.

दिनकरराव आले, कागद पाहिला, आणि हळूच हसले. "तिकडेही कुणीतरी असंच काहीतरी काढलंय म्हणून ऐकलं होतं. मला वाटलं, थट्टा असेल."

"थट्टा नाही," मी म्हटलं. "ही पोकळी लंबकाला अर्ध्या सेकंदाने सावकाश करणारी नव्हे. तिला वजन असेल तर लंबकही नाही, सोलापूरही नाही. आणि ज्या अर्थी आपण इथे उभे आहोत, त्या अर्थी तिला वजन नाही. का नाही, ते तुम्ही जर्मनीला विचारा."

त्यांनी लेखाचा विषय पुन्हा काढला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर दोन दिवस तोंड लपवून बसलो असतो. ते मात्र माझ्याबरोबर चंद्र पाहत उभे राहिले. पण विश्व वाचलं आणि इमामभाई अडकले. पोकळी निर्दोष, म्हणजे आता संशयाला माणूस तेवढा उरला होता, आणि साहेब उद्या परतणार होते. इमामभाई अंगणात पंपाचं चामडं एरंडेल लावून मऊ करत बसले होते. पेटीला हात लावायची बंदी होती, पंपाला नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्लप्पाअण्णा नेहमीपेक्षा लवकर आले, जरा संकोचून.

"सायेब, तुमचा त्यो खांब किती दिस ऱ्हाणार?"

"का हो अण्णा?"

"न्हाय, नवी जवारी यायला लागलीया. पेव भरायचं हाय. तोंड ह्या भिताडाच्या भायेर हाय, खरं पोट हिकडं आलंया, तुमच्या फरशीखाली. मानसं आत उतरून कडबा लावत्याल, धमधम व्हईल, म्हून म्हणलं सांगावं."

पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार. तोंड माणूस उतरेल एवढं, आणि पोट खोलीएवढं. वर शिळा ठेवून माती लिंपली की अंगणात चालणाऱ्यालाही पत्ता लागत नाही.

"आमच्या फरशीखाली पेव आहे?"

"व्हय की. पेवाबगार वखार असती व्हय?"

"आणि आता ते रिकामं आहे?"

"तुमी जेऊरला गेला न्हवं का, तवाच काढली सगळी जवारी. भाव बरा आला."

"अहो, मग आम्हाला सांगितलं का नाही!"

अण्णा खरोखर चकित झाले. "पेव कुटं हाय ते कुनी सांगतं व्हय? घरच्या सुनंला बी सांगत न्हाईत. आन् तुमी इचारलं बी न्हाय."

खरं होतं. आम्ही हवेवर संशय घेतला, उन्हावर घेतला, इमामभाईंवर घेतला, दिनकररावांनी तर ब्रह्मांडावर घेतला. पायाखालच्या जमिनीवर कुणी घेतला नाही. चौथऱ्याच्या डोलण्याचं माप पहिल्या खेपेला काढलेलं होतं. चौथरा तोच, फरशी तीच, म्हणून नियमाप्रमाणे तेच दुसऱ्यांदा वापरलं. पण पहिल्या खेपेला खाली ज्वारी गच्च भरलेली होती. आता फरशीखाली नुसती पोकळी होती, आणि लंबकाच्या प्रत्येक झोक्याबरोबर चौथरा तिच्यावर डोलत होता. डोलणाऱ्या टेकूवर लंबक सावकाश चालतो, एवढंच.

पटवायचं कसं, ते आम्हाला माहीत होतं. आमच्याकडे जोडीचा दुसरा लंबक असे. पेटीत पहिला लंबक ज्या तिवईवर टांगलेला असे, तिच्यावरच हा स्तब्ध टांगायचा आणि पहिला झुलवायचा. तिवई जराही डोलत असेल तर स्तब्ध लंबक कुणी हात न लावता आपोआप हलू लागतो. पहिल्या खेपेला तो जेमतेम शहारला होता. या वेळी आम्ही पेटी बंद केली, पहिला झुलवला, आणि तिघेही पेटीच्या खिडकीच्या काचेशी डोकी एकत्र करून उभे राहिलो.

काही क्षण काहीच झालं नाही. मग दुसरा लंबक हलला. आधी डोळ्यांना भास वाटावा इतका, मग सरळ सरळ, झोक्यामागून झोका.

"जाग्या!" इमामभाई ओरडले. "बाबूजी, वो जाग्या!"

आणि ते भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले. दिनकररावांनी घाईने त्यांना हात दिला. "अहो, तिथे नका बसू, खाली रिकामं आहे!" इमामभाई एकदम उठले, आणि मग आम्ही तिघेही असे हसत सुटलो, की मल्लप्पाअण्णा धावत आले. त्यांना वाटलं, पेव खचलं.

मी नवं डोलण्याचं माप काढलं, दुरुस्ती घातली. दोन्ही मापं जुळली. पुढे अण्णांनी पेव भरल्यावर खात्री म्हणून पुन्हा झुलवून पाहिलं. लंबक पहिल्यासारखा चालत होता. इतका सुखाचा आकडा मी त्याआधी कधी लिहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

साहेब त्याच संध्याकाळी, पेव अजून रिकामं असतानाच, परतले. त्यांना मी बोलून काही सांगितलं नाही, नुसतं काचेशी उभं केलं. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून त्या दुसऱ्या लंबकाचे झोके मोजले. मग मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाले, "इमाम, पेटी तुम उठाओ." माफी वगैरे मागितली नाही. तेव्हा साहेब लोक मागत नसत. पण इमामभाईंना तेवढं पुरलं. त्यांनी आधी हात धुतले, मग पेटी उचलली.

त्यानंतर कुठल्याही गावी खोली ठरवायला गेलो, की इमामभाई आधी आत शिरून टाचेने फरशी ठोकत फिरायचे आणि घरमालकाला दरडावून विचारायचे, "पेव हय क्या? सच्ची बोलो!" मोडनिंबच्या एका सावकाराला तर आम्ही वेषांतर केलेले दरोडेखोर वाटलो होतो.

परवा विजापूरला लग्नाला जाताना होटगीला गाडी बदलायची होती. मध्ये वेळ होता, म्हणून स्टेशनाच्या पलीकडे गेलो. जोत्यावर घर कधीच उभं राहिलंय. इमामभाई दारात बाजेवर बसले होते, नजर अधू झालेली, पण आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. चहा आला. बोलता बोलता मी दिनकररावांचा विषय काढला. ते आता मोठे प्राध्यापक आहेत, आणि गेल्या भेटीत त्यांनी सांगितलं होतं, की ती थरथर खरी निघाली. प्रयोगांत दिसली. पण तिचं वजन कुठे जातं, ते अजून कुणाला उमगलेलं नाही. गणित म्हणतं विश्व चुरगळून जायला हवं, आणि आकाश म्हणतं तसं काही नाही. जगातले मोठमोठे विद्वान डोकं धरून बसलेत.

इमामभाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"याने हिसाब अभी तक नै मिल्या?"

"नाही मिळाला."

"बहोत बडा फरक हय?"

"याहून मोठा फरक अजून कुणी काढलेला नाही."

ते जरा पुढे झुकले. आवाज खाली आला. "फिर बाबूजी, उसके वास्ते किसीकू काम से निकाले तो नै ना?"

"नाही हो, इमामभाई. कुणालाही नाही."

"तो ठीक हय," ते म्हणाले आणि पुन्हा टेकून बसले. "चाय पियो."